ही कमांड नेमकी कुठली?

आमच्या साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक, विभागात नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली, की पहिल्या दिवशी मी त्यांना एकच कमांड शिकवते. तिचं नाव ‘टाइप’. काट्याचा डेटा कुठं साठतो, पंधरवड्याचं ऊसबिल कसं निघतं, तोडणी-वाहतुकीचा हिशोब कुठून येतो, हे सगळं नंतर. काळ्या पडद्यावर आपण जो शब्द लिहितो तो कुणाकडे पोचतो, हे मशिनला विचारता आलं पाहिजे. ते एकदा जमलं की बाकीचं शिकायला वेळ लागत नाही.

आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. हंगाम सुरू झाला की तो रात्रंदिवस चालू राहतो, कारण ऊसगाड्या रात्रीही काट्यावर येतात आणि गव्हाण रिकामी राहून चालत नाही. या सर्व्हरवर माउस नाही, चित्रं नाहीत. कमांड लिहायची आणि एंटर दाबायचं, एवढंच. (कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे, मशिनवर ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत लिहायची.) नवी मुलं पाठ केल्यासारख्या कमांड मारतात आणि काही बिघडलं की घाबरतात. त्यांच्या लेखी प्रत्येक कमांड म्हणजे एक बंद पेटी असते. ती उघडून बघता येते हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

एंटर दाबल्यावर तो शब्द आधी वाचतो शेल. शेल हाही एक प्रोग्रॅमच. केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी लिहिलेला शेल १९७१ चा. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. आज बहुतेक लिनक्स मशिनवर भेटतो तो बॅश. ब्रायन फॉक्स यांनी तो ग्नू प्रकल्पासाठी लिहिला आणि १९८९ मध्ये तो बाहेर आला. अ‍ॅपलच्या मॅकवर २०१९ पासून झी-शेल हा मुख्य शेल झाला. नावं वेगळी असली तरी काम तेच : शब्द वाचायचा, त्याचा मालक शोधायचा आणि त्याच्या हाती काम द्यायचं.

हा शोध कसा चालतो ते बॅशच्या बाबतीत सांगते. ‘टाइप एलएस’ असं लिहून बघा. उबंटू या लिनक्सवर उत्तर येतं, की एलएस हे ‘एलएस --कलर=ऑटो’ याचं टोपणनाव आहे. फोल्डर निळे का दिसतात याचं उत्तर इथे मिळतं : शेल सुरू होताना घरच्या फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ या फाइलमधून हे टोपणनाव, म्हणजे एलियास, उचलतो. ‘टाइप इफ’ लिहा, शेल सांगतो की हा माझ्या भाषेतला राखीव शब्द आहे. ‘टाइप सीडी’ लिहा, तो सांगतो की हे काम मी स्वतःच करतो, त्यासाठी बाहेर फाइल शोधत नाही. ‘टाइप पायथन३’ लिहा, तो पत्ता देतो : /यूएसआर/बिन/पायथन३. शिवाय कुणी फंक्शन लिहून ठेवलं असेल तर त्या फंक्शनचा सगळा मजकूरच समोर मांडतो. टोपणनाव, राखीव शब्द, फंक्शन, शेलचं अंगभूत काम आणि शेवटी डिस्कवरची फाइल, याच क्रमाने बॅश बघतो. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबतो.

यातल्या सीडीची गोष्ट मला फार आवडते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते. सीडी म्हणजे एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाणं. ही वेगळी फाइल का नाही? कारण लिनक्सवर शेल जेव्हा बाहेरचा प्रोग्रॅम चालवतो तेव्हा आधी स्वतःची एक प्रत काढतो आणि त्या प्रतीत तो प्रोग्रॅम चालतो. प्रतीने फोल्डर बदलला तर तो प्रतीपुरताच बदलतो. प्रत संपली की मूळ शेल होता तिथेच. डेनिस रिची यांनी युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांवर १९७९ मध्ये निबंध लिहिला, त्यात हा प्रसंग आहे. प्रत काढून प्रोग्रॅम चालवायची नवी पद्धत त्यांनी बसवली, ती चालली, सगळे खूश झाले आणि मग लक्षात आलं की फोल्डर बदलायची कमांड बंद पडली आहे. तिचा कोड कुणी बदललेला नव्हता. ती चालत होती, पण प्रतीत चालत होती. शेवटी ते काम शेलनेच स्वतःकडे घेतलं आणि आजतागायत ते त्याच्याकडे आहे. ‘टाइप सीडी’ला मिळणाऱ्या एका ओळीच्या उत्तरामागे एवढा इतिहास आहे.

आता फाइलींचं. शेल सगळी डिस्क पालथी घालत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला ‘पाथ’ म्हणतात. ‘इको $पाथ’ (इथला पाथ मोठ्या लिपीतला) लिहिलं की ती दिसते, मध्ये अपूर्णविरामाच्या खुणा टाकलेली : /यूएसआर/लोकल/बिन, मग /यूएसआर/बिन, मग /बिन, असं काहीतरी. शेल डावीकडून एकेक फोल्डर बघत जातो आणि त्या नावाची चालवता येण्याजोगी फाइल मिळाली की शोध थांबवतो. थॉम्प्सन यांच्या जुन्या शेलमध्ये ही ठिकाणं प्रोग्रॅममध्येच ठरवून टाकलेली होती : आधी चालू फोल्डर, मग /बिन, मग /यूएसआर/बिन. १९७९ च्या सातव्या आवृत्तीने ही यादी वापरणाऱ्याच्या हाती दिली. मला हा युनिक्समधला फार मोठा निर्णय वाटतो. माझ्या मशिनवर कुणाला आधी विचारायचं हे तेव्हापासून मी ठरवू शकते.

सत्ता हातात आली की जबाबदारीही येते. एकाच नावाच्या दोन-तीन कमांड मशिनवर असणं ही नेहमीची गोष्ट आहे. आमच्या ऊसनोंदणीत एका गावात एकाच नावाचे तीन-चार उत्पादक असतात, तेव्हा नुसत्या नावावर बिल काढता येत नाही, कोड नंबर लागतो. कमांडचा कोड नंबर म्हणजे तिचा पूर्ण पत्ता. ‘टाइप -ए इको’ लिहिलं की शेल त्या नावाचे सगळे दावेदार क्रमाने सांगतो : आधी शेलचं अंगभूत इको, मग /यूएसआर/बिनमधली इको नावाची फाइल. दोघांचं वागणं तंतोतंत सारखं असेलच असं नाही. ‘टाइम’चंही तसंच. बॅशमध्ये तो राखीव शब्द आहे आणि पुष्कळ मशिनवर त्याच नावाची वेगळी फाइलही असते. एवढंच काय, स्क्रिप्टमध्ये अट लिहिताना वापरतात तो डावा चौकटी कंस, त्या एका अक्षराच्या नावाचीही फाइल /यूएसआर/बिनमध्ये असते. नव्या मुलांना मी ती मुद्दाम दाखवते. विरामचिन्हासारखी दिसणारी खूण ही खरं तर कमांड आहे, हे बघून त्यांचे चेहरे खुलतात.

इंटर्नशिपला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांपैकी कुणीतरी दरवर्षी आपल्या पहिल्या सी प्रोग्रॅमला ‘टेस्ट’ हे नाव देतं. मग ‘टेस्ट’ लिहून एंटर दाबतं आणि काहीच होत नाही. चूक दाखवणारा संदेश नाही, उत्तर नाही. बिचारं मूल तासभर आपल्याच कोडमध्ये दोष शोधत बसतं. ‘टाइप -ए टेस्ट’ लिहिलं की उलगडा होतो : टेस्ट हे शेलचं अंगभूत काम आहे आणि त्याला काही तपासायला दिलं नाही तर ते गुपचूप नकार देऊन परत जातं. शिवाय आपला प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये आहे तो पाथमध्येच नाही. म्हणून ‘./टेस्ट’ असं, म्हणजे ‘इथला टेस्ट’ असं, स्पष्ट लिहावं लागतं.

चालू फोल्डर पाथमध्ये का घालत नाहीत, असं मुलं लगेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालू फोल्डर आधी बघितला जातो. समजा, अनेकांना खुल्या असलेल्या एखाद्या फोल्डरमध्ये कुणी एलएस नावाची घातक फाइल ठेवली आणि अ‍ॅडमिनने तिथे जाऊन सहज एलएस लिहिलं. चालू फोल्डर पाथच्या सुरुवातीला असेल तर ती घातक फाइल अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालेल. म्हणून ‘./’ ही दोन अक्षरं लिहायचे कष्ट घ्यायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. ‘ही कमांड कुठे आहे?’ असं कुणालाही विचारा, दहातले नऊ जण ‘विच’ वापरायला सांगतील. पुस्तकांत तेच, व्हिडिओंत तेच. विच ही कमांड वाईट नाही, पण ती बाहेरची आहे. बॅशमध्ये काम करताना तुम्ही विचला विचारता तेव्हा शेल एक प्रत काढतो, तिच्यात विच चालते, ती पाथमधले फोल्डर चाळते आणि पहिली जुळणारी फाइल सांगते. तुमच्या शेलमध्ये कोणती टोपणनावं आहेत, कोणती फंक्शन्स आहेत, कोणती कामं तो स्वतः करतो, यातलं तिला काहीच ठाऊक नसतं.

विचचा जन्म बघितला की हे नीट समजतं. बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सी-शेल लिहिला. विच ही मुळात त्या सी-शेलच्या माणसांसाठी, सी-शेलमध्येच लिहिलेली छोटी स्क्रिप्ट. टोपणनावं कळावीत म्हणून ती सी-शेलची सेटिंगची फाइल नव्याने वाचायची आणि तिच्यावरून अंदाज बांधायची. म्हणजे तेव्हासुद्धा ती तुमच्या चालू शेलला विचारत नव्हती. त्याच्यासारखाच दुसरा शेल उभा करून त्याला विचारत होती. पुढे बोर्न घराण्यातले शेल सगळीकडे पसरले, त्यांच्यात टाइप आली, पण बोटांना लागलेली विचची सवय सुटली नाही.

मॅकवर याचा पुरावा फार सुरेख दिसतो. तिथे /यूएसआर/बिनमध्ये सीडी नावाची एक फाइल खरोखर आहे, कारण पॉसिक्स या मानकाप्रमाणे अशी कामं फाइल म्हणूनही उपलब्ध असायला हवीत. बॅश चालू करून तिथे ‘विच सीडी’ विचारलं तर ती त्या फाइलचा पत्ता देते. पत्ता खरा, फाइल खरी, पण तुम्ही सीडी लिहिता तेव्हा ती फाइल कधीच चालत नाही; आणि चालली असती तरी वर सांगितलेल्या कारणाने तुमचा फोल्डर बदलला नसता. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवरही सीडीची अशीच फाइल असते. तिथल्या लोकांनी विचच्या अज्ञानावर वेगळी तोड काढली आहे : त्यांनी विच याच शब्दाचं टोपणनाव किंवा फंक्शन करून ठेवलं आहे. ते शेलकडची टोपणनावांची यादी घेऊन खऱ्या विचच्या हातात देतं, मग ती उत्तर देते. आपणच माहिती पुरवायची आणि तीच फिरून ऐकायची, असा हा द्राविडी प्राणायाम आहे.

२०२१ मध्ये डेबियन या लिनक्सच्या मंडळींत विचवरून मोठा वाद झाला. विचचा सांभाळ करणाऱ्याने तिच्यातून असा इशारा छापायला सुरुवात केली, की ही कमांड आता वापरू नका, ‘कमांड -व्ही’ वापरा. त्या इशाऱ्यामुळे अनेकांच्या स्क्रिप्टचा खोळंबा झाला. प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेलं आणि इशारा काढावा लागला. जुनी कमांड अशी एकाएकी मोडीत काढू नये हे मला पटतं. पण इशारा देणाऱ्याचं म्हणणंही बरोबर होतं. ‘कमांड -व्ही’ ही पॉसिक्समध्ये आहे, ती शेलच्या आतून उत्तर देते आणि तिचं उत्तर आटोपशीर असल्याने स्क्रिप्टमध्ये वापरायला सोयीचं. माणसाने वाचायचं असेल तर टाइप, स्क्रिप्टने वाचायचं असेल तर कमांड -व्ही, असा नियम मी आमच्या विभागात लावला आहे. झी-शेलवाल्यांना मात्र इतकी काळजी नको, त्यांची विच शेलच्या आतलीच असते. व्हेअरइज नावाचीही एक कमांड आहे. ती ठरलेल्या जागी प्रोग्रॅम आणि त्याचं मॅन्युअल पान शोधते. कामाची आहे, पण ‘आत्ता एंटर दाबलं तर काय चालेल?’ या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

आणि प्रश्न हाच असतो. डिस्कवर काय आहे हा नव्हे, तर हा शेल, आत्ता, इथे काय चालवेल हा. यातला ‘आत्ता’सुद्धा महत्त्वाचा. बॅश एकदा शोधलेला पत्ता लक्षात ठेवतो, दर वेळी पाथ चाळत नाही. समजा एखादं साधन आधी /यूएसआर/बिनमध्ये होतं, तुम्ही ते दोन-चारदा वापरलं, मग त्याची नवी आवृत्ती /यूएसआर/लोकल/बिनमध्ये टाकून जुनी काढून टाकली. विचला विचारा, ती नवा पत्ता देईल. कमांड चालवा, बॅश जुना पत्ता सांगून म्हणेल की अशी फाइल नाही. दोघंही आपापल्या परीने खरं बोलतात. टाइपला विचारलं तर ती सांगते की हा पत्ता लक्षात ठेवलेल्यांपैकी आहे, आणि मग ‘हॅश -आर’ लिहून बॅशला त्या आठवणी पुसायला लावता येतात.

‘इथे’चं महत्त्व मला आमच्या रात्रीच्या अहवालाने शिकवलं. पहाटे चारला रात्रपाळी संपते. तोवरच्या वजनाचा गटवार गोषवारा छापून शेतकी विभागाच्या टेबलावर जातो आणि त्यावरून दिवसभराच्या तोडीचं नियोजन होतं. एका हंगामात सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने छपाईची नवी व्यवस्था बसवली. त्यांचा मुलगा समोर बसून कमांड चालवायचा, अहवाल सुंदर निघायचा. पहाटे क्रॉनने तीच स्क्रिप्ट चालवली की कोरा कागद. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं उरकणारा लिनक्समधला कारभारी. कंपनीने पुन्हापुन्हा सगळं नव्याने बसवून दिलं. दिवसा चालायचं, पहाटे नाही. इकडे शेतकी विभागाची माणसं ताटकळायची, टोळ्यांना निरोप उशिरा जायचे, तोडलेला ऊस फडात पडून वाळायचा. ऊस वाळला की वजन घटतं आणि ते नुकसान सोसतो शेतकरी. म्हणून मला हा विषय केवळ कॉम्प्युटरचा वाटत नाही.

मी स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन ओळी वाढवल्या. एकीने पाथ काय आहे तो एका फाइलीत लिहायचा, दुसरीने ‘कमांड -व्ही’ला त्या छपाईच्या कमांडचा पत्ता विचारून तोही तिथेच लिहायचा. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. पाथमध्ये दोनच फोल्डर होते, /यूएसआर/बिन आणि /बिन. पत्त्याची ओळ रिकामी. कंपनीने आपली कमांड /ऑप्टच्या खाली ठेवली होती आणि पाथमध्ये तो फोल्डर जोडणारी ओळ घातली होती ‘.बॅशआरसी’मध्ये. ती फाइल समोर माणूस बसलेला असतो तेव्हाचा बॅश वाचतो. डेबियन-उबंटूवर क्रॉन काम करतो ‘एसएच’ या साध्या शेलमध्ये, तो ती फाइल बघतही नाही, आणि पाथ म्हणून त्याच्याकडे ही दोनच ठिकाणं असतात. दिवसाचा शेल वेगळा आणि पहाटेचा वेगळा. अशा वेळी शेल १२७ हा आकडा मागे ठेवतो, त्याचा अर्थ ‘कमांड सापडली नाही’. १२६ असेल तर फाइल सापडली, पण चालवायची परवानगी नाही. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत इतके उपयोगी आहेत.

दुरुस्ती सोपी होती : स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता लिहिला आणि क्रॉनच्या तक्त्यात वर पाथची ओळ घातली. ती ओळ घालताना सगळे फोल्डर नावानिशी लिहावे लागतात, ‘जुना पाथ अधिक हा एक’ असं तिथे चालत नाही, कारण क्रॉन त्या ओळीतल्या नावांचा विस्तार करून बघत नाही. वाढीव अधिकाराने कमांड चालवणारा सुडो वापरतानाही अशीच गंमत असते. सुडो बाहेरचा प्रोग्रॅम आहे, त्याला तुमची टोपणनावं आणि फंक्शन्स ठाऊक नसतात आणि बहुतेक ठिकाणी त्याचा पाथही सुरक्षिततेसाठी वेगळा ठरवून दिलेला असतो. तुम्हाला सापडणारी कमांड सुडोला सापडत नाही ती यामुळे.

पत्ता मिळाला म्हणजे शोध संपला असंही नाही. उबंटूवर ‘टाइप जावा’ विचारलं तर /यूएसआर/बिन/जावा असं उत्तर येतं, पण ती खरी फाइल नसते. तो दुवा असतो, तो /ईटीसीच्या आतल्या अल्टरनेटिव्ह्ज नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवतो आणि तिथला दुवा पुढे /यूएसआर/लिबमधल्या खऱ्या जावाकडे. एका मशिनवर जावाच्या दोन-तीन आवृत्त्या नांदवायची ही सोय आहे. ‘रीडलिंक -एफ’ला तो पत्ता दिला की ती सगळी साखळी चालत जाऊन शेवटचं ठिकाण सांगते. मग ही फाइल कोणत्या पॅकेजबरोबर आली हे डेबियन-उबंटूवर ‘डीपीकेजी -एस’ला, तर रेड हॅटकडच्या लिनक्सवर ‘आरपीएम -क्यूएफ’ला विचारायचं. (डीपीकेजीपुढचा एस मोठ्या लिपीतला.) उत्तर आलंच नाही, तर समजायचं की ती कुणीतरी हाताने आणून ठेवली आहे. कुणी आणि कशासाठी, ते विभागातल्या जुन्या माणसांना विचारायचं. सर्व्हर नव्याने ताब्यात घेताना मी पहिल्यांदा अशाच अनाथ फाइलींची यादी करते.

फंक्शनचा उगम शोधणं थोडं अवघड. टाइप फंक्शनचा मजकूर दाखवते, पण तो कोणत्या फाइलीतून आला ते सांगत नाही. बॅशमध्ये आधी ‘शॉप्ट -एस एक्स्टडीबग’ आणि मग ‘डिक्लेअर -एफ’ (इथला एफ मोठ्या लिपीतला) असं फंक्शनच्या नावासह लिहिलं, तर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक दोन्ही मिळतात. झी-शेलमध्ये ‘व्हेन्स -व्ही’ फाइलचं नाव सांगून मोकळी होते. टोपणनावासाठी असा राजमार्ग नाही. /ईटीसी/प्रोफाइल, घरच्या फोल्डरमधल्या .प्रोफाइल, .बॅशआरसी, .बॅश_एलियासेस या फाइली ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने चाळायच्या.

पायथन शिकणाऱ्या मुलांना तर या सगळ्याची पदोपदी गरज पडते. पिप या लायब्ररी बसवणाऱ्या कमांडने लायब्ररी टाकली, तरी प्रोग्रॅम म्हणतो ती नाहीच. बहुतेक वेळा पिप एका पायथनची असते आणि चालणारा पायथन दुसरा असतो. ‘टाइप -ए पायथन३’ आणि ‘टाइप -ए पिप’ शेजारी शेजारी बघितलं की उलगडतं. ‘पायथन३ -एम पिप’ असं लिहायची सवय लावली तर ज्या पायथनला हाक मारली त्याचीच पिप चालते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणून जी गोष्ट शिकवतात ती सुरू करणं म्हणजे मुख्यतः पाथच्या सुरुवातीला एक फोल्डर घालणं. तसं केल्यावर टाइपचं उत्तर बदललेलं दिसतं. विंडोजवर पायथन लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, तेव्हा ‘व्हेअर पायथन’ विचारा. विंडोजअ‍ॅप्स फोल्डरमधला एक पत्ता दिसेल, दुकानाकडे नेणारा दुवा तोच. विंडोजच्याच पॉवरशेलमध्ये मात्र व्हेअर हे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे, तिथे ‘गेट-कमांड’ वापरायची. मॅकवर बॅशची जुनी ३.२ आवृत्तीच येते, कारण ४.० पासून बॅशचा परवाना बदलला आणि अ‍ॅपलने पुढची आवृत्ती घेतली नाही. नवा बॅश होमब्रू या साधनाने टाकला तर तो अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर /ऑप्ट/होमब्रू/बिनमध्ये बसतो, इंटेलच्या मॅकवर /यूएसआर/लोकल/बिनमध्ये. दोन्ही बॅश एकाच मशिनवर राहतात आणि त्यातला कोणता चालेल हे पाथचा क्रम ठरवतो.

लिनक्सची ओळखच नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात ऐकायला मिळतात, ते सोबत घ्यावेत. लॅपटॉप नसला तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं अ‍ॅप टाका, त्यात बॅश असतो. ‘टाइप सीडी’, ‘टाइप इफ’, मग ‘टाइप -ए एलएस’ असं एकेक विचारत जा. एलएसचा पत्ता नेहमीच्या /यूएसआर/बिनमध्ये दिसणार नाही. तो /डेटा/डेटापासून सुरू होणारा लांबलचक असेल, कारण अँड्रॉइड टर्मक्सला प्रोग्रॅमच्या फाइली फक्त स्वतःच्या जागेतच ठेवू देतं. मग ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन’ लिहून पायथन टाका आणि ‘टाइप पायथन’ विचारा. तोही त्याच लांबलचक पत्त्याच्या शेवटच्या बिनमध्ये, एलएसच्या शेजारी सापडेल. त्यानंतर ‘इको $पाथ’ लिहा आणि तो फोल्डर यादीत कुठे आहे ते बघा.